बांधावरचं इरलं

१२ जून

अप्पा म्हणतात, ज्याच्याबरोबर काम करायचं त्याचं पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवावं. भूगावच्या रस्त्याकडेच्या प्लॉटच्या व्यवहारात त्यांच्या लंगोटीयार मित्राने त्यांना तोंडी शब्दावर असं काही गुंडाळलं, की तेव्हापासून आमच्या घरात दूधवाल्याचीही सही घेतात. म्हणून ही वही. मला लिहिण्याची हौस नाही. उद्या कुणी फिरलं तर पुरावा असावा, एवढंच.

आज एम.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या जोड्या लागल्या. निरंजन सर म्हणाले, आपापला जोडीदार सांगा. मी मान खाली घालून बसलो होतो. मागच्या वर्षी एका विषयात उडालो, तेव्हापासून मला कुणी विचारत नाही. तेवढ्यात पहिल्या बाकावरून रिहे गावची सायली म्हणाली, "सर, मी आणि ओम." सगळा वर्ग मागे वळला. मीपण तिच्याकडे बघत राहिलो. वर्षभरात आमचं धड बोलणं झालेलं नाही. एवढी हुशार मुलगी, कुणीही जोडीला घेतलं असतं. मग मीच का? हिला माझ्याकडून काहीतरी हवंय. काय ते शोधलं पाहिजे.

१६ जून

विषय तिनेच आणला. आपल्या भागातल्या माणसांचं बोलणं ऐकून ते लिहून दाखवणारं मशीन. ती म्हणाली, "माझी आत्या फोनला विचारते, आज पाऊस हाय का न्हाई. फोन तिला कुठल्या तरी हायस्कूलचा पत्ता दाखवतो." मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

विषय चांगला आहे हे कबूल करायला हवं. त्यासाठी गावाकडच्या बऱ्याच माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, ते ऐकवून मशीनला शिकवायचं आणि मग मशीनने कधीच न ऐकलेला माणूस बोलवून परीक्षा घ्यायची. प्रोग्रॅम मी लिहायचा, अहवाल तिने. आवाज निम्मे निम्मे. मी हे सगळं टाइप करून नेलं होतं. खाली सही कर म्हटलं. ती कागदाकडे बघून हसली. "एवढ्याला सही?" म्हणाली, आणि केली. हसली का ते कळलं नाही.

२४ जून

आवाज गोळा करणं हे माझं काम नव्हे. आमच्या सोसायटीतला वॉचमन बिहारचा, भाडेकरू हिंदीत बोलतात, आणि चुलतीसमोर मोबाईल धरला तर ती एकदम बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली. "आज हवामान आल्हाददायक आहे." एरवी हीच बाई मला "मुडद्या, चप्पल भाईर काढ" म्हणते.

तिकडे सायलीकडे पहिल्याच आठवड्यात आवाज जमायला लागलेत म्हणे. कसे जमतात?

३० जून

आज कॅन्टीनमध्ये सायली आपणहून म्हणाली, "तुझ्या वाटणीचे आवाजपण मीच आणते. तू प्रोग्रॅमवर बस. फक्त जुलैत काही दिवस तुला गावाला यावं लागेल."

मी म्हटलं, "बघू."

"बघू नको. मी बायकांना शब्द देणार आहे. येशील ना?"

"बरं, येईन."

विषय संपवायला म्हणालो. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. माझं काम फुकटात अंगावर घेणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही. आणि मला गावाला कशाला न्यायचंय? प्रोग्रॅम लॅपटॉपवर आहे. गेलोच तर लॅपटॉप नेणार नाही.

६ जुलै

आवाजांचा पहिला गठ्ठा आला. गोजराबाई, नलिनी, आणखी कितीतरी. रिहे, वरची वाडी, पलीकडचं शिवार. बायका कशा मोकळ्या बोलल्यात! बैल, सून, रेशन, गुडघे, सगळं. आमची चुलती इथे हवी होती. मशीनला ऐकवलं आणि त्याचे निकाल एकदम सुधारले.

एवढे कसे सुधारले? पाल चुकचुकली ती तिथेच.

११ जुलै

सायली आठवडाभर कॉलेजात नव्हती. फोन लागत नाही. आज आली तर सरांच्या तासाला चक्क झोपली. नखांत चिखल, हाताच्या कातडीला सुरकुत्या. बसताना कंबर धरून बसते. मी विचारलं, "गावाला काय करत होतीस?"

"आवणी चालू आहे ना."

"तुमची एवढी जमीन आहे?"

"आमची कधीच लावून झाली. आता बाकीच्यांची चाललीय. तू कधी येतोस? बाया रोज विचारतात."

भाताची लावणी, तीपण दुसऱ्यांच्या खाचरात, आणि कोण करणार तर एम.एस्सी.ची मुलगी! काहीतरी पटेल असं तरी सांगायचं. आमच्या घरात मी जन्मल्यापासून कुणी चिखलात पाय घातलेला नाही, आणि भूगावातपण भात होतंच की कधीकाळी.

परत जाताना ती रामदासच्या जीपमध्ये बसली. हा रामदास कोळवणकडच्या फार्महाऊसवाल्या शहरी लोकांना घेऊन फिरतो. त्या लोकांत कंपन्यांचे साहेबपण असतात. त्यातल्या कुणाला आमच्या मशीनमध्ये रस असेल तर? मी प्रोग्रॅमला नवीन पासवर्ड घातला.

१५ जुलै

सापडलं!

प्रत्येक रेकॉर्डिंगमधला मागचा गोंगाट पुसून टाकणारा एक टप्पा मी प्रोग्रॅममध्ये ठेवलाय. बोलणाऱ्या बाईचा आवाज तेवढा राहतो, बाकी सगळं जातं. आज मुद्दाम न पुसलेली मूळ रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकली. नलिनीच्या मागे एक म्हातारी ओरडते, "ह्ये इरलं कुनाचं पडलंय?" आणि चार जणी एकदम म्हणतात, "पावण्याचं!" मग हसणं.

गोजराबाईचं ऐकलं. गाव वेगळं, तारीख वेगळी. मागे तीच म्हातारी. "इरलं कुनाचं?" "पावण्याचं!" तसंच हसणं. वरच्या वाडीचं ऐकलं. तिथेही तेच.

वेगवेगळ्या शिवारात, वेगवेगळ्या दिवशी तीच माणसं तोच विनोद कसा करतील? सरळ आहे. सायली आपल्या ओसरीवर घरातल्या चार बायका घेऊन बसते आणि नावं बदलून त्यांनाच पुन्हा पुन्हा बोलायला लावते. म्हणूनच निकाल सुधारले. ज्या बाईचा आवाज ऐकून मशीन शिकलं, तीच बाई दुसऱ्या नावाने परीक्षेला आली, म्हणजे पेपर आधीच फुटला.

मी स्पीकरवर लावलं होतं. आई लसूण सोलत होती. ऐकता ऐकता तिचा हातच थांबला. "आवनीवर हायेत बाया," म्हणाली. "च्या आलाय वाटतं. पुन्यांदा लाव की." मी पुन्हा लावलं. तिचे डोळे पाणावले. लसणाने असेल. म्हटलं, आई, हे बनावट आहे. ती म्हणाली, "आसं हसनं कुनाला बनावट करता येतंय व्हय?"

आईला रेकॉर्डिंगमधलं काय कळतंय!

१७ जुलै

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ती बोलायच्या आदी तू बोल. नंतर बोलनारा खोटा ठरतो." त्यांना अनुभव आहे.

निरंजन सरांना मेल पाठवला. "माझ्या जोडीदाराने जमा केलेले आवाज बनावट असल्याचा मला दाट संशय आहे." तीन क्लिपा जोडल्या. पाठवल्यावर तोच मेल पुन्हा पुन्हा उघडून वाचला. पण पुरावा आहे माझ्याकडे, मी घाबरायचं काय कारण?

१९ जुलै

सरांनी बोलावलं. "बनावट हा मोठा शब्द आहे, ओम. सिद्ध झालं तर तिचा प्रोजेक्ट रद्द होईल, वर्ष जाईल. हिंजवडीच्या कंपनीने तिला घेतलंय ते यंदा पास होण्याच्या अटीवर. हे माहीत आहे ना तुला?"

माहीत नव्हतं. पण म्हणजे तिला घाई होतीच की! घाईत माणूस काहीही करतं. मी सरांना म्हटलं, माहीत आहे.

२५ जुलै

आज सरांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं. सरांनी क्लिपा लावल्या. इरलं, पावणा, हसणं. सायलीने ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"बाया खऱ्या आहेत, सर."

"इथे आणू शकशील?"

"आवणी टाकून? नाही येणार."

"मग प्रत्येकीच्या मागे तीच माणसं कशी?"

ती माझ्याकडे वळली. एवढंच म्हणाली, "तू कधी येतोयस?"

सरळ धमकी. सरांसमोर! सर मात्र मला म्हणाले, "तक्रार तुझी आहे. तूच जा, बघ, आणि सोमवारी मला सांग." मी लगेच हो म्हटलं. तिला आधी कळवणार नाही. कळवलं तर बायकांना पढवून ठेवेल.

२७ जुलै

 अक्षर नीट येत नाही, पण आजच लिहायला हवं.

सकाळी गाडी काढली. पिरंगुट, घोटावडे करत रिह्याला पोचलो. पाऊस सरळ रेषेत पडत होता. गावात विचारलं, नलिनी, गोजराबाई कुठे भेटतील? कुणीतरी ओढ्याकडे हात दाखवला. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्यात नावं आणि क्लिपा. बांधावर जाऊन उभा राहिलो.

खाली खाचरात दहा-बारा बायका ओळीने वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. पाठीवर इरली. बांबूच्या कामट्यांची, वरून निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद बांधलेली. तोंडं दिसतच नव्हती. मी ओरडलो, "नलिनीताई कोण आहेत?"

एक इरलं वर झालं. "मी. तू कोन?"

"ओम. भूगावहून आलोय. कॉलेजच्या कामाला."

सगळी ओळच थांबली. मग एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, "आला का येकदाचा! आमी म्हनलं, ह्यो ओम खरा हायेच न्हाई. सायलीनं कुनीतरी बनवून सांगितलाय."

हाच तो आवाज. क्लिपांमागची म्हातारी. तिचं नाव रंभाबाई, हे मागाहून कळलं. मी ज्यांना बनावट म्हणत होतो, त्या मलाच बनावट समजत होत्या. 

"तुमचे आवाज तपासायचेत," मी म्हटलं.

"हितं बांधावरनं काय बी तपासता येत न्हाई. उतर खाली. आन त्ये इरलं घे."

बांधाला टेकवून एक इरलं ठेवलं होतं. कोरं, कुणाच्याच पाठीचं नसलेलं.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

एकदम हशा उसळला. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "पावण्याचं!" तोच सूर, तेच हसणं. रंभाबाई म्हणाली, "घे, तुजंच हाय. रोज ह्या खाचरातनं त्या खाचरात वाहून नेतोय आमी. सायली म्हनती, आज येईल. आज न्हाई तर उद्या येईल." बाया हसत का होत्या तेवढं मात्र कळलं नाही. माझी पँट बघून हसल्या असाव्यात.

मी उतरलो. पोटरीपर्यंत चिखल. नलिनीने रोपांची मूठ हातात दिली आणि लावता लावता सगळं सांगितलं. मी मुद्दाम विचारलंही नव्हतं, तिलाच आश्चर्य वाटत होतं की मला हे माहीत नाही. आवणीला इथे सावड असते. आज सगळ्या मिळून हिच्या खाचरात, उद्या तिच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही. दिलेला दिवस दिवसानेच फिटतो. "सायली म्हनली, मला तुमचा आवाज द्या, मी तुमाला दिस देते. म्हनलं, बरं की, सावडीचंच हाय. ज्या दिशी जिचं खाचर, त्या दिशी तिनं बोलायचं. बाकीच्यांनी गप ऱ्हायचं म्हनली व्हती, पर रंभाआत्या कुटं गप ऱ्हाती!"

"आणि माझ्या वाटणीचे आवाज?"

"त्याचे दिस तू भरनार व्हतास न्हवं? तू येईस्तवर तीच भरती. आपलं सपलं की तुजं."

मी मोबाईल काढलाच नाही. म्हटलं, "सायली कुठे आहे?"

पुन्हा हशा. माझ्या डाव्या हाताला दोन बाया सोडून एक पिवळं इरलं होतं. ते इतका वेळ एकदाही वर झालं नव्हतं. ते रोपं लावत मागे सरकत होतं.

भाकरी खायला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा मी तिच्याजवळ गेलो. हळूच विचारलं, "मेलचं यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी आपापला आवाज परत मागितला असता. तुझा प्रोजेक्ट गेला असता."

"आणि तुझा?"

"माझा तर तू घालवलाच होतास."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या वर्षी त्या पेपरला सगळ्यांनी एकाचाच प्रोग्रॅम उतरवून काढला. तू एकट्याने स्वतःचा लिहिलास आणि उडालास. म्हणून मी तुझं नाव घेतलं होतं सरांकडे. दुसरं काही नव्हतं."

मला माझीच लाज वाटली. इतकी की पावसात उभं राहून बरं वाटलं.

निघताना रंभाबाईने हाक मारली. "माजं खाचर शेवटाला हाय. मी आजून बोलली न्हाई तुज्या मशीनीत. म्हनलं, येऊ दे त्याला, मग बोलीन. त्या दिशी ये." मी येतो म्हटलं.

२८ जुलै

सरांना तोंडी सांगितलं. मेलपण केला. "माझा संशय चुकीचा होता. आवाज खरे आहेत." सर म्हणाले, "हे मला सांगून भागलं. तिला सांगितलंस का?" सांगितलं म्हणालो. खरं तर बांधावर मी ते तिला म्हटलंच नव्हतं.

५ ऑगस्ट

कंबर हलत नव्हती तरी आणखी दोनदा जाऊन आलो. माझी ओळ नागमोडी येते म्हणून बाया माझ्या मागून नीट करत येतात. सायली दुसऱ्या टोकाला असते.

११ ऑगस्ट

परवा रंभाबाईचं खाचर झालं. मी गेलो नाही. अंगात थोडी कणकण होती, हे खरं. पण एवढी नव्हती. आदल्या संध्याकाळी अप्पा म्हणाले होते, "आनखी किती दिस राबवून घेनार ती तुला? मोजलेस का?" आणि माझ्या डोक्यात पुन्हा तेच. खरंच एवढे दिवस होते का माझ्या वाटणीचे? कुणी ठरवले? कुठे लिहिलंय? असा विचार करता करता सकाळ झाली आणि गाडी खालीच राहिली.

सायलीला निरोप टाकला, बरं नाहीये. उत्तर नाही.

२० ऑगस्ट

सायली आता माझ्याशी मेलवर बोलते. एकाच लॅबमध्ये, शेजारच्या खुर्चीवर बसून. प्रत्येक मेलची प्रत सरांना. "काल ठरल्याप्रमाणे ओमने चाचणीचा भाग पूर्ण केलेला नाही, याची नोंद घ्यावी." आज तिने अहवालाच्या कामाची वाटणी टाइप करून आणली आणि पुढे सरकवली. "सही कर."

मी म्हटलं, "एवढ्याला सही?"

ती हसली नाही. मी सही केली.

अप्पांना सांगितलं तर खूश झाले. "आता शानी झाली पोरगी." मला मात्र जेवण गेलं नाही. ती आमच्या घरातल्यासारखी वागायला लागली, आणि तिला तसं मीच केलंय.

१८ सप्टेंबर

मशीन चांगलं चाललंय. आजारी पडल्यासारखं मीच फिरतो. तिला दोनदा सांगायचा प्रयत्न केला, की त्या मेलबद्दल मला वाईट वाटतं. ती म्हणाली, "लिहून पाठव."

लिहायला बसलो. जमलं नाही. एवढी पानं भरली या वहीत, पण तीन ओळी जमेनात.

२९ ऑक्टोबर

परीक्षेला बाहेरून एक मॅडम येणार आहेत. म्हणे कडक आहेत. मशीनने कधीच न ऐकलेला माणूस त्यांच्यासमोर बोलवायचा असा नियम. सायलीने मेल केला. "बोलणारी व्यक्ती मी आणेन." कोण, ते लिहिलेलं नाही. कोण आणणार ही? आणि मला का सांगत नाही? मशीन चुकावं, माझा प्रोग्रॅम पडावा, असं तर हिच्या मनात नसेल?

लिहिल्यावर वाचलं. मी काही सुधारणार नाही बहुतेक.

४ नोव्हेंबर

परीक्षा झाली.

लॅबच्या दारात रंभाबाई उभी. नवं लुगडं, पायात चपला नव्हत्या, त्या तिने जिन्यातच काढल्या होत्या. कापणी चालू असताना दिवस मोडून आली होती. मग लक्षात आलं. मी तिच्या खाचरावर गेलो नाही, म्हणून हिने आवाज दिलाच नव्हता. आणि बाकीच्यांच्या प्रत्येक क्लिपमधून मी तिला गोंगाट म्हणून पुसून काढलं होतं. सगळ्या सावडीत मशीनने न ऐकलेली ही एकच बाई.

मॅडमनी तिच्यासमोर माइक ठेवला. "काहीही बोला, आजी. तुमच्या मनातलं."

रंभाबाईने पदर सावरला. माइककडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून, खाचरात बोलते तेवढ्याच मोठ्याने बोलली. पडद्यावर एकेक शब्द उमटत गेला.

"ओमचा येक दिस हाय माज्याकडं. सायली भरते म्हनली व्हती. मी न्हाई भरू दिला. ज्याचा त्यानं भरावा. त्याचं इरलं माज्या वळचणीला ठेवलंय."

एक अक्षर चुकलं नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने, तिने आणलेल्या आवाजांवर शिकून, बाहेरच्या माणसासमोर माझं पितळ लिहून दाखवलं. मागच्या बाकांवरची मुलं हसायला लागली. सर हसले नाहीत.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "इरलं म्हणजे काय?"

सायलीने तोंड उघडलं, मग मिटलं. तिने माझ्याकडे बघितलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा सरळ बघितलं. उत्तर मी द्यायचं होतं.

मी म्हणालो, "पावसात भात लावताना पाठीवर घेतात ते, मॅडम. बांबूचं असतं." पडद्यावरच्या शब्दाकडे बोट केलं. "ते माझं आहे. मी त्या दिवशी गेलो नाही. आणि हे सगळे आवाज सायलीने स्वतःच्या कष्टाने आणलेत. मी त्यांना बनावट म्हटलं होतं. चूक माझी होती."

तीन ओळी. सप्टेंबरपासून अडकल्या होत्या.

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न सायलीला विचारला. आम्ही दोघंही पास झालो. सायलीला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण पडले, ते बरोबरच आहे. तिची कंपनी पक्की झाली. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते गेले.

रंभाबाई रामदासच्या जीपमध्ये बसली. तो तिला तिकडून घेऊन आला होता आणि तसाच थांबला होता. सायली जीपच्या पायरीवर पाय ठेवून थांबली. मला वाटलं, आता मेल येईल. ती म्हणाली, "उद्या रंभाआत्याची कापणी आहे. लवकर ये. विळा आपापला आणायचा असतो."

तोंडी म्हणाली. प्रत कुणालाच नाही.

घरी येऊन आईला विचारलं, आपल्याकडे विळा आहे का. ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेला एक विळा काढला. तेल लावून ठेवलेला होता. हा घरात आहे हे मला माहीतही नव्हतं. ती म्हणाली, "बोटं संबाळ. आन तितल्या बायांना सांग, भूगावची बी कुनी तरी इच्यारत व्हती."

अप्पा सोफ्यावरून बघत होते. "कुटं चाललास?"

"रिह्याला. कापणीला. एक दिवस राहिलाय माझा."

"आन ती पोरगी? ती येनार का तुज्या कामाला कदी? लिहून घेतलंस का?"

मी नाही म्हणालो.